जीभ दाखव

चूक माझीच.
मार्चमध्ये साखरेचा डबा आपोआप अर्धा झाला, तेव्हा
मीच म्हणाले मिलारायला:
खोटं बोललं की जिभेवर काळा ठिपका उठतो.
तिने झटकन तोंड मिटलं,
वर दोन्ही तळहात दाबून धरले,
आणि मला वाटलं, जिंकले.

चार वर्षांच्या माणसापुढे
जिंकल्यासारखं वाटलं
की समजावं, आपलं काहीतरी चुकलंय.

तेव्हापासून घरात तपासणी चालू आहे.
सुपाचा चमचा, खिडकीतला उजेड,
आणि हुकूम: जीभ दाखव.

घरमालक उबाल्दोचा फोन.
हो हो, शुक्रवारी नक्की, मी म्हणते,
आणि मागे खुर्ची सरकते.
खुर्चीवर ती, हातात चमचा.
फोन कानाला तसाच ठेवून मी आ करते.
पलीकडे उबाल्दो हॅलो हॅलो करत राहतो.

दोरालिसाने स्वतः विणलेली टोपी आणली,
एक कान झाकणारी, एक कान उघडा ठेवणारी.
वा, मी म्हणाले, किती सुबक...
जीभ दाखव.

शिंपल्यांच्या कारखान्यात मुकादमाला सांगितलं,
धाकट्याला ताप होता म्हणून उशीर झाला.
ताप नव्हता. त्याचा एक बूट सापडत नव्हता.
बूट पावाच्या टोपलीत होता,
कारण, मिलाराय म्हणाली, त्याला भूक लागली होती.
त्या संध्याकाळी कुणी न सांगता
मीच आरशापुढे उभी राहिले.
जीभ नेहमीसारखी. गुलाबी, ओली.
हाड नाही, ठिपका नाही, लाज नाही.

धाकटा लिसांद्रो दीड वर्षाचा.
त्याच्याकडे शब्द एकच: मा.
मी मा, गाय मा, उकडलेला बटाटा मा,
केम्चीच्या धक्क्यावरून सुटणारी बोटही मा.
त्याचीही जीभ ती रोज तपासते
आणि समज देऊन सोडते.

जानेवारीत ऊन कधी नव्हे ते तीन दिवस टिकलं.
चर्चमागच्या कुंपणाला माकी पिकली,
मिऱ्याएवढी काळी फळं, डहाळ्या वाकवून.
दोघं परतली ती गुन्हेगारांसारखी,
भिंतीला घासत, सदऱ्याच्या बाह्या जांभळ्या.
खाल्लीत ना, जेवणाआधी?
नाही.

इतके महिने मी या क्षणाची वाट पाहत होते.
जीभ दाखव, मी म्हणाले.

नुसता ठिपका नव्हता हो. टोकापासून पडजिभेपर्यंत
डांबर फासल्यासारखी काळी.
तिला आरशात दाखवली आणि तिचे डोळे भरले.
"एवढं मोठं खोटं
मी कधी बोलले?"

मग तिने लिसांद्रोचे गाल दाबून तोंड उघडलं.
तीही काळी.
ती गप्प. खूप वेळ गप्प.
मी मनात शब्द जुळवत होते,
की बाळा, ते माकीमुळे, आणि ठिपक्याचं ते मी...
तेवढ्यात तिचा चेहरा उजळला.
"बरोबर आहे. तो गाईला मा म्हणाला होता."

आणि खिशातली उरलेली, चेंगरलेली, पोकळ्यातल्या वाळूसकट
सगळी माकी माझ्या तोंडात कोंबली.

रात्री पांघरुणात तिने विचारलं,
बाबा कधी येणार.
ओसिएल दक्षिणेला, सामन माशांच्या बोटीवर.
गेल्या पत्रात तारीख होती, या पत्रात नाही.
बटाटे काढायच्या आत, मी म्हणाले,
आणि सवयीने जीभ बाहेर काढली.
अंधारात तिने जवळ येऊन पाहिली, हुंगली.
"आता काही कळायचं नाही," ती म्हणाली.
"आपल्या सगळ्यांच्याच काळ्या."
आणि माझ्या गळ्यात हात टाकून
चक्क झोपून गेली.

बाहेर ओहोटी. बोटी चिखलात
कुशीवर कलंडलेल्या.
दाढेत अडकलेली माकीची बी
जिभेने शोधत
मी बराच वेळ जागी.