उतार

लिवा चिंतोपंत, सांगतो तसंच लिवा.
कार्तिकाची वद्य, तिथी तुमची तुम्ही घाला.
येरळा कृष्णेला मिळती त्याच्या खालचा उतार.
पाणी मांडीएवढं, वाट दोन काठ्या रुंद.
वरच्या अंगाला डोह, खालच्या अंगाला डोह,
आन् मधली वाट येसबा अंब्याच्या तळपायाला ठावी.
दुसऱ्या कुणाला न्हाई.

सांजच्याला अल्याडच्या सरदाराचा माणूस आला.
रुपाया दिला. म्हणला, उतार दाव.
दावला.
रातच्याला पल्याडचा आला, भिजलेला, कुडकुडत.
त्यानं दीड दिला.
त्यालाबी त्योच दावला.
नदीला दुसरा हाय कुठं?

पहाटं धुकं असं, की माझी नाव मलाच घावंना.
जामग्या पेटल्या, हिकडं, तिकडं,
थंडीत वाट चुकल्याल्या काजव्यांवाणी.
मग बार.
मग नुसता वास.

वाटंच्या मधोमध गाठ पडली त्यांची.
एकाचा ठासायचा गज पाण्यात गेला,
तर म्होरच्यानं पायानं चाचपून काढून दिला.
शपथ घ्या, मी बघितलं.
मग दस्त्यानं त्याच्याच कानशिलात हाणला.

दिस कासराभर वर आला, धुकं फाटलं,
आन् बघतो तर
अल्याडचे पल्याड उभे, पल्याडचे अल्याड.
दोघांनी नदी जिंकल्याली.
दोघांच्या भाकरी पलीकडल्या काठाला.

दुपारपतोर मिशीला पीळ देत बसली.
तिसऱ्या पारी पोटानं निकाल दिला.
परत निघाली त्याच वाटंनं,
खांद्याला खांदा घासत, खाली बघत,
कुणी कुणाला "सर बाजूला" बी म्हणलं न्हाई.
बाजूला डोहच हुता.

मग नगारे. दोन्हीकडं.

मी आन् माझा साडू गुंडा गळ टाकून बसलो.
सतरा निघाले.
मुंडाशी धुऊन निघाल्याली, रंग कळंना,
एकाच चरात घातले.
कुणाचे किती? तो रकाना मोकळा सोडा.

एवढं मात्र ठळक लिवा.
इतकी तुडवातुडवी झाली, वाळू सरकली.
उतार हुता तिथं न्हाई.
अडीच रुपये हाईत माझ्याकडं, हे बघा,
वाट कुणाकडंच न्हाई.

उद्या तासगावचा बाजार.
बाया डोक्यावर पाट्या घिऊन येतील, इच्यारतील.
सकाळधरनं काठी घिऊन पाण्यात हाय मी.
तुमचं झालं असंल लिवून
तर धोतर खोचा, या,
जरा त्या अंगानं चाचपा.