शिम

साखर पेठेत, मागच्या खोलीत,
डागी म्हणून परत आलेल्या चादरीवर
येझदीचा गिअरबॉक्स,
निघाला त्याच क्रमाने मांडलेला.
मोराच्या पोटात तिसरा गिअर.

शाफ्टच्या टोकाला मिळाली
पत्र्याची चकती, कडा वेडीवाकडी.
घासलेटात धुतली तर
तपकिरीच्या डबीवरचं अर्धं अक्षर.

म्हणजे आमच्या नायनांनी उघडला होता कधीतरी.
बोलले नाहीत.
आई दारातूनच म्हणाली,
"विडीची पानं कापायची माझी कात्री
तेव्हाच गेली.
आठ दिवस अबोला."

नवी शिम आणली होती, मापाची.
बसवली. शाफ्ट अडकतो.
पत्रा बसवला.
फिरतो. कुरकुरत, पण फिरतो.

केसिंग आवळून झाल्यावर
मोराच्या पायाशी
एक सरक्लिप उरली.
आधी आईला दिसली.