खरी नक्कल

दाजी पेठेत आमच्या दोन खोल्या,
मधल्या भिंतीत खिडकी, गज नसलेली.
अलीकडे अम्मा, पलीकडे पेद्दम्मा.
नायना आज कुठं जेवला
ते ताटाच्या आवाजावरून कळायचं.

पेद्दम्माचं लग्न मांडव घालून, पत्रिका छापून.
अम्माचं परगावी, देवळाच्या पायरीवर,
दोन हार, एक भटजी, तोही घाईतला,
आणि अकरा रुपयांची पावती.
ती तिनं पत्र्याच्या डब्यात तीस वर्षं ठेवली.
वकील म्हणाला, ही दक्षिणेची पावती आहे,
लग्नाची नाही.

माझं नाव कागदावर पहिल्यांदा आलं
ते अम्माच्या विडी कार्डावर.
अवलंबित: मुलगी एक, भूदेवी.
शाळेत बापाचं नाव लिहिताना
गुरुजींचं पेन थांबलं होतं.
कारखान्याच्या मुनीमाचं नाही थांबलं.
त्याला हजार विड्या मोजायच्या होत्या
आणि फुटक्या बाजूला काढायच्या.

शब्द गल्लीत पुष्कळ होते.
नळावर लेकावळी, चाळीत कडू,
पोथी वाचणारे दासीपुत्र म्हणून थबकायचे,
कारण पुढं विदुर यायचा.
वकिलाचा शब्द सगळ्यांत स्वच्छ, इस्त्रीचा:
अनौरस.
मी शब्दकोश काढून बघितला.
औरस म्हणजे उरापासून झालेला.

त्या उरावर मी झोपलेय की.
खाली धाप, वर मागाचा खडखडाट,
बनियनला खळीचा वास.
सुताची धूळ भरत भरत
तो ऊर एका गड्ड्याच्या जत्रेत बंद पडला,
नंदीध्वज निघायच्या आदल्या रात्री.
तेराव्याला भावांनी शेडला दुसरं कुलूप लावलं.

मग कळलं, कलम सोळा.
लग्न रद्द, मूल वैध.
शहात्तर साली दिल्लीत कुणी चार ओळी बदलल्या
आणि मी औरस झाले.
दोन वर्षांची होते, गोवर आला होता.
घरात कुणाला कळलंसुद्धा नाही.

पेद्दम्माला साक्षीला भावांच्या वकिलानं आणलं.
मराठी तिला बाजारापुरती येते,
म्हणून दुभाषा उभा केला.
वकिलानं विचारलं, ही मुलगी अनौरस आहे, खरं ना?
दुभाषा अडला. तेलुगूत काय म्हणावं?
त्यानं तीन शब्द करून पाहिले,
तिसऱ्याला पेद्दम्मानं त्याच्याकडं असं बघितलं
की तो गप्प.
मग ती म्हणाली, मा पिल्ले.
दुभाषा म्हणाला, साहेब, म्हणतायत
आमचीच मुलगी.

बाहेर आल्यावर ती माझ्याशी बोलली नाही.
रिक्षात भावांच्या मध्ये बसून गेली.
त्यानंतर वर्षभर खिडकीला पडदा होता.

निकाल लागला. चार माग, चार हिस्से:
पेद्दम्मा, दोन भाऊ, मी.
माझ्या वाट्याला कोपऱ्यातला आला,
डाव्या अंगाला धागा तोडणारा.
अम्मा मोजणीत नाही.
माझ्या जन्मातला डाग कायद्यानं धुतला,
तिच्या लग्नाला हात लावला नाही.
एकाच बाळंतपणातून
मी आत आले, ती उंबऱ्याबाहेर राहिली.

निकालाची, साक्षीची नक्कल काढली.
पानापानावर गोल शिक्का: खरी नक्कल.
साक्षीच्या पानावर टंकलेखकानं मारलंय
'आमची मुलगी'.
च नाही.
अर्ज करून दुरुस्ती होते, कारकून म्हणाला,
पण एका अक्षरासाठी कशाला, बाई?

घरी येऊन मी निळ्या पेनानं च घातला.
आता ती नक्कल कोर्टात चालायची नाही.

अम्मा सुपात पानं कातरत होती.
कात्री न थांबवता म्हणाली,
त्यात माझं काय लिहिलंय?
मी म्हटलं, साक्षीदार क्रमांक दोन.
ती म्हणाली,
नाव तरी बरोबर आहे का, बघ.