प्रॉम्प्टरची वही

एकशेबारा प्रयोग मी तिला शब्द दिले.
उजव्या विंगेत, एक पाय आखूड असलेल्या स्टुलावर,
चाळीसचा बल्ब, त्याला निळा कागद,
मांडीवर वही.
कुमुद ताम्हाणे. चरईतली.
मूळ नटीला दिवस गेले म्हणून रिप्लेसमेंटला आली
आणि राहिली.

वाईट नव्हती. चांगली होती असंही म्हणणार नाही.
कप खाली ठेवायची तेव्हा बशीचा आवाज
जरा उशिरा यायचा, मुद्दाम ठेवल्यासारखा;
त्याचं काय करायचं ते आमच्यात कुणाला ठाऊक नव्हतं.
वाक्य मात्र दर चौथ्या प्रयोगाला सांडायचं.
मला आधीच कळायचं,
मानेची शीर बघून.

रविवार, दुपारी साडेचार, तलावपाळीचं रंगायतन,
एका पतपेढीनं घेतलेला प्रयोग,
मागे कुणीतरी वेफर्सची पिशवी फोडतंय.
दुसऱ्या अंकाचा शेवट. नवरा विचारतो, कुठे निघालीस?
तिनं म्हणायचं: जिथे मला कुणी हाक मारणार नाही तिथे.
आलंच नाही.
मी दिलं. पुन्हा दिलं.
तिसऱ्यांदा इतक्या मोठ्यानं, की पहिल्या रांगेनं वळून पाहिलं.
ती माझ्याकडे बघून हसली
आणि गुणगुणायला लागली.
शब्द नाहीत. स्वर घसरलेला,
ओल्या जिन्यावरून पोर घसरतं तसा,
हौसेनं.
नवरा झालेला वर्तक तोंड उघडं टाकून उभा.
पडदा पाडला.
तिची नाइट कापली, अडीचशे रुपये.

पुढचं मला तुकड्यातुकड्यांत कळलं.
उथळसरच्या बेनेडिक्ट परेराकडे जायला लागली,
चर्चमध्ये ऑर्गन वाजवणारा म्हातारा,
घरात तबकड्या आणि दमा.
तो म्हणाला म्हणे,
बाय, समेवर धावत कशाला जातंस?
ती काय शेवटची बस हाय?
जाऊ दे पुढं. मागनं गाठ.

मग वाशीला, एका हॉटेलच्या तळघरात,
शुक्रवारी, सुरमईच्या थाळ्यांमधून गायची.
लोक जेवत. बिल मागत.
एकानं विचारलं, लावणी येते का?
येते म्हणाली,
आणि तेच गाणं पुन्हा म्हटलं, कमरेवर हात ठेवून.
नटीपण जातंय कुठे.

एकवीस वर्षं.
आईनं बोलणं टाकलं, मग आईच ऐकायला आली,
कानात घालायला कापूस घेऊन.
घातला नाही, वातीला वापरला घरी जाऊन.
एक सीडी निघाली. तिच्या साठ प्रती अजून पलंगाखाली आहेत.

मी गेलो तो परवा. बेलापूरला. सहाशेचं तिकीट.
ड्रमवर रबाळ्याच्या कारखान्यातला सुपरवायझर,
नखांत ग्रीस.
दुसऱ्या गाण्यात तिच्या मानेची शीर,
आणि मला कळलं, शब्द गेला.
माझे ओठ हलले,
इंग्रजी गाणं, मला त्यातलं एक अक्षर येत नाही, तरी हलले.
ती थांबली नाही.
दा बा दू, मग हाकेसारखं काहीतरी, मग नुसता श्वास.
चुकलेली जागा पुन्हा चुकली, तंतोतंत तशीच,
तिसऱ्या वेळी बासवरचा पोरगाही तिच्याबरोबर चुकला
आणि सगळे तिकडेच राहायला गेले
बिऱ्हाड घेऊन.

टाळ्या झाल्या. मी वाजवल्या नाहीत.
हात मांडीवर होते, पान धरल्यासारखे.

मध्यंतरात ती टेबलाशी आली. ओळखलंन.
टिपणीस, ते वाक्य काय होतं हो?
मी सांगितलं. वहीशिवाय.
जिथे मला कुणी हाक मारणार नाही तिथे.
मान तिरकी करून ऐकलं तिनं,
बोटानं टेबलावर मोजलं.
लांब आहे, म्हणाली, दोन मात्रा कमी हव्यात.
आणि गेली,
आतून कुणीतरी हाक मारत होतं.