चौथी पूर्व

दर मंगळवारी दहा वाजता
मी देओलिंदाबाईंची साखर मोजते.
अलमीडात, खाडीच्या काठी, तिसऱ्या मजल्यावर,
जिथून ओकलंड बंदराच्या क्रेन दिसतात,
पाणी प्यायला उतरलेल्या उंच जनावरांसारख्या.
बोटाला सुई टोचली की त्या पुटपुटतात:
अर्धी शिवी चिनी, अर्धी फिरंगी,
माफी मात्र इंग्रजीत.

पहिल्या दिवशी जिन्यातच मला वास आला होता.
जवळा. खारवलेला, मुरलेला,
बरणीत वर्षभर दबा धरून बसलेला.
रेवदंड्याच्या बाजारात नाकाला ओढणी लावून
ज्याच्यापासून मी पळत असे,
तो माझ्याआधी इथे येऊन
भाडं भरून राहत होता.
"बालिशांव," त्या म्हणाल्या. "खालच्याने दोनदा तक्रार केली आहे."
मी म्हटलं, तिसऱ्यांदा केली तर सांगा,
नर्सच्या अंगाला येतो.

कोपऱ्यात फातिमामाता.
तिच्यापुढे मेणबत्ती नाही,
वाळूच्या डब्यात तीन उदबत्त्या.
मकाव सुटलं सदुसष्ट साली,
पण सांभाळणाऱ्या चिनी बाईने घातलेली सवय
आईपुढे धूर हवाच म्हणते.

मग हॉस्पिटलचा फॉर्म आला.
वंश : कृपया एकाच चौकोनात खूण करा.
बाईंनी चष्मा लावला, काढला, पुसला.
"पणजोबांचं नाक लिस्बनचं," म्हणाल्या,
"नाकाखालचं सगळं कँटनचं.
आणि एक पणजी गोव्याची.
तिचं नाव कोणी लिहून ठेवलं नाही,
लोणचं तेवढं राहिलं."
खाली 'इतर' होतं. त्यापुढे दीड इंच रेघ.
"मी मावत नाही," त्या म्हणाल्या. "रेघ लांबव."
मी पट्टी घेतली आणि रेघ लांबवली,
समासातून, कागद संपेपर्यंत.
त्यांनी त्यावर काय लिहिलं ते मी वाचलं नाही.
ऑफिसने फॉर्म परत पाठवला.

मागच्या मंगळवारी त्या कपाटाशी अडल्या,
स्वतःशीच काहीतरी बोलल्या,
आणि मी उठून खुंटीवरून चावी आणून दिली.
दिल्यावर दचकले.
त्या इंग्रजीत बोलल्याच नव्हत्या.
"चावी," मी म्हटलं.
"चावि," त्यांनी मान हलवली, यात काय विशेष असं.
माझ्या आईच्या पदराला बांधलेला शब्द
यांच्या तोंडात कसा?
की यांच्याच कुणाचा आईच्या पदराला?

खाडीपलीकडे कोर्लई होतं.
तिथली रोझालीन माझ्या वर्गात.
बोटं मोजताना ती घरच्या भाषेत मोजायची,
उं, दोय, त्रे,
आणि आम्ही बाकं बडवून हसायचो.
मोडकी भाषा, म्हणायचो. बाईसुद्धा म्हणायच्या.
पुढे पुढे ती मनातच मोजू लागली.
तिचे ओठ तेवढे हलायचे.

कपाटातून माजोंगची पेटी निघाली.
दर शुक्रवारी चौघी खेळत.
आता एक सॅन मातेओला मुलाकडे, दोघी मातीत.
चार पूर्वांपैकी एक सोंगटी बोटीत हरवली होती.
तिच्या जागी एक डॉमिनो, कानशीने घासलेला,
त्यावर लाल नखपॉलिशने काढलेली
नवऱ्याच्या हातची वाकडी 'पूर्व'.
"डोळे मिटूनही ओळखू येते," त्या म्हणाल्या,
"म्हणून आम्ही सगळ्याच लबाडी करायचो."

मला वेळ नव्हता. पुढचा पेशंट साडेअकराला.
"बस," त्या म्हणाल्या, "खेळायचं नाही, नुसतं मांडू."
त्या सोंगट्यांची भिंत रचू लागल्या,
हाडाला हाड लागल्याचा आवाज,
आणि प्रत्येकीबरोबर मोठ्याने:
उंगा,
दोस,
त्रेस.

चौथा आकडा माझ्या तोंडून निघाला.
रोझालीनचा. क्वात.

बाईंचा हात हवेत थांबला.
चष्म्यावरून त्यांनी माझ्याकडे पाहिलं, बराच वेळ.
"उच्चार चुकला," म्हणाल्या,
आणि डॉमिनो माझ्याकडे सरकवला.