रो-रो की कंटेनर

मुनोत शेठ विचारतात, बाई, कशानं पाठवू?
डॉक्टरला विचारावं तसं,
ऑपरेशनच करायचं का गोळ्यांवर भागेल.
टेबलावर दोन कोटेशनं, पंख्यानं उडू नयेत म्हणून
वर त्यांच्याच कंपनीचं कपाशीचं पाकीट,
मागच्या हंगामातलं.

समुद्र मी एकदाच पाहिलाय, शाळेच्या सहलीत.
तेव्हा ओहोटी होती.
पण चौदा वर्षं झाली, जालन्यात बसून
जहाजांच्या वेळा सांगते मी.
आई एसटीच्या सांगायची तशा :
अंबडची गेली, मंठ्याची लागेल.
आमच्याकडे बंदरसुद्धा आहे आता. कोरडं.

तर ऐका शेठ.
रो-रो म्हणजे जहाजाचं पोट उघडतं
आणि गाडी आपल्या चाकांवर आत जाते.
दहा-बारा मजले, एकीच्या नाकाला दुसरीचं शेपूट.
स्वस्त पडतं.
टाकीत पेट्रोल पाव, त्याहून जास्त चालत नाही.
आत काही ठेवायचं नाही,
डॅशबोर्डवरची महावीरांची मूर्तीसुद्धा.
आणि किल्ली द्यावी लागते अनोळखी माणसाला.
तो बसणार, सीट मागं सरकवणार,
आरसा त्याच्या उंचीचा करणार.
मग उतरवताना दुसरा कोणी. मग तिसरा.

कंटेनर म्हणजे खोली.
वीस फुटी घेतला तर तिची एकटीची.
चाळीस फुटीत जोडीदार लागतो,
आणि जालन्याहून ऑकलंडला
अशी दुसरी गाडी मी कुठून आणू?
चाकांना ठोकळे, चार पट्टे, बॅटरीची तार सोडलेली,
दमट हवेसाठी पिशव्या टांगायच्या.
सील ठोकलं की चाळीसेक दिवस
कोणी तिचं तोंड बघणार नाही.

अंधारात? शेठ म्हणाले.
गफारभाई दारात बशीनं चहा पीत होता. पट्टे तोच आवळतो.
“अंधाराचं काय न्हाई शेठ, पट्टा ढिला ऱ्हायला
तरच गाडी जागी व्हती.”

शेठ हसले नाहीत.
लेकीला पाठवायचीय. तिथं मिळत नाही का अशी?
मिळते, म्हणाले, पण ती शिकली हिच्यावर.
बदनापूरच्या प्लॉटवर, कच्च्या रस्त्यानं,
मी शेजारी, हँडब्रेकवर हात.

तिकडचे लोक माती घेत नाहीत.
म्हणून मेच्या दुपारी टँकर मागवला.
आधी यार्डातल्या ड्रायव्हरांनी कॅन भरून घेतले,
उरलेल्या पाण्यानं मर्सिडीज धुतली,
समुद्रावर जायचं म्हणून.
मडगार्डच्या आतून काळी माती सुटत राहिली,
सिमेंटवरून थोडी वाहिली
आणि गटारापर्यंत पोचायच्या आत वाळली.
सीटच्या पट्टीखालून व्हॅक्यूमला न आलेली
एक सरकी गफारनं नखानं काढली.
शेठनी ती तळहातावर घेतली, चष्मा वर केला,
बराच वेळ बघितली.
“आपली नाही ही,” म्हणाले. “दुसऱ्या कंपनीची आहे.”

मग, तुम्ही काय केलं असतं?
माझी स्कूटी. मी काय सांगणार.
कंटेनर, मी म्हटलं.
खारी हवा, ओरखडे, विमा, सगळी कारणं दिली.
खरं कारण कोटेशनमध्ये बसत नव्हतं.

गफारला मात्र बाजूला घेऊन सांगितलं :
आरशाला हात लावायचा नाही.
त्यानं का म्हणून विचारलं नाही.
शेठपेक्षा वीतभर उंच माणूस,
मान वाकवून, गुडघे स्टिअरिंगला लागलेले,
गाडी उताऱ्यावरून आत घेऊन गेला,
आणि फटीएवढं दार उघडून
पोट आत ओढत कसाबसा बाहेर आला.

सील नंबर मी दोनदा वाचला, शेठनी लिहून घेतला,
लेकीचा फोन नंबर लिहावा तसा, एकेक आकडा तोंडानं म्हणत.

सरकी माझ्याकडेच राहिली.
टाचण्यांच्या डबीत आहे.
कुणाची ते मी विचारलं नाही.