तिरक्या छपराची खूण

नकाशा वीस वर्षांचा, घडीवर फाटलेला,
कायनूच्या ग्रंथालयानं रद्दीत काढलेला,
अर्ध्या युरोला मिळाला.
त्यावर जिथे जिथे चिमुकलं तिरकं छप्पर छापलंय
तिथे झोपायला पैसे पडत नाहीत :
तीन भिंतींचा लाकडी आडोसा, समोर चूल,
मागे सरपणाची खोपी, आणि जरा लांब
भुसा टाकायचा संडास.
पेन्सिलीनं मी सात छपरांना गोल केले.

शाळेच्या स्वयंपाकघरात बटाटे सोलते मी.
जूनमध्ये शाळा मिटते, तसा पगारही मिटतो.
तळ्याकाठच्या मोठ्या कॅम्पात एका रात्रीचे
एकोणचाळीस युरो.
झोपाळे आहेत म्हणे, गरम पाणी, आइस्क्रीमचं यंत्र.
वेन्लाला सांगितलं, यंत्र बिघडलंय.
ती अकरा वर्षांची आहे. तिनं मान हलवली,
माझ्यासाठी.

पहिलं छप्पर सापडलंच नाही.
खडीचा रस्ता संपला, पायवाट संपली,
मग चार काळे दगड
आणि त्यांच्यामधून उगवलेली ब्लूबेरी.
आरो म्हणाला, "घर कुणी खाल्लं?"

दुसऱ्याभोवतीचं जंगल कापून नेलेलं.
छप्पर तेवढं उभं, बोडक्या माळावर,
लग्न मोडल्यावर उरलेल्या मांडवासारखं.

काटा लाल रेषेला टेकला.
रात्रीचे अकरा वाजले, पण इथे जुलैत
अंधार पडत नाही,
उजेडात कुणी थोडं पाणी घालतं, इतकंच.
रिमझिम लागली. डास ओल्या केसांत शिरले.

तिसऱ्या छपराखाली कुणीतरी झोपलेलं होतं.
चुलीकडे पाय केलेला म्हातारा,
खांबाला टेकवलेली सायकल.
मी मुलांचे खांदे धरून मागे वळवले
तर तो उठून बसला,
पथारी गुंडाळली,
आणि बाहेर, फरच्या झाडाखाली
ताडपत्री बांधायला लागला.
"मी वाळलो," म्हणाला. "आता तुम्ही."

त्या रात्री एवढंच बोलणं झालं.

सकाळी कुऱ्हाडीच्या आवाजानं जाग आली.
सामान सायकलवर बांधून झालेलं,
आणि ताउनो (नाव त्यानं आरोला सांगितलं, मला नाही)
ओंडके फोडत होता.
"तुम्ही तर चाललात. मग लाकडं कुणाला?"
त्यानं कुऱ्हाड टेकवली.
"मी आलो तेव्हा फोडलेली होती."
"कुणी?"
"काय माहीत. पण डावखुरा होता.
घाव बघ कुठून पडलेत."
आरो कितीतरी वेळ
एक ढलपी हातात फिरवत बसला.

जाताना त्यानं माझी पेन्सिल मागितली,
माझे दोन गोल खोडले,
आणि काहीच छापलेलं नव्हतं तिथे
एक नवा काढला.
"इथे छप्पर नाही. पाणी गोड आहे.
कुणाला सांगू नका."
पेडलवर पाय ठेवून थांबला.
"सांगा. पण गरज असेल त्याला."

दोन रात्री राहिलो.
एकच मासा लागला, तळहाताएवढा,
तिघांत खाल्ला, काट्यांसकट मोजून.
फुकटाला चव नसते, असं आई म्हणायची.
ती कधी इथवर आली नाही.

निघायच्या दिवशी कुऱ्हाड मी घेतली.
सुरी माझ्या हातातली, कुऱ्हाड नाही;
गाठीत अडकली, उपसताना मीच पडले,
मुलं हसली, मग हसायची थांबली.
तासाभरात अकरा तुकडे, एकही सरळ नाही.
पुढचा कुणी ते बघून म्हणेल,
हिला येत नव्हतं.
म्हणू दे.

पत्र्याच्या डब्यातल्या वहीत वेन्लानं लिहिलं :
आम्ही तिघं. पाऊस. मासा एक. लाकडं अकरा.

गाडीत आरो झोपला. हाताचा फोड
स्टिअरिंगला घासत होता.
"यंत्र बिघडलेलं नव्हतंच ना?"
"नाही."
"मला ठाऊक होतं."
वेन्लानं नकाशा गुडघ्यांवर पसरला,
बोट ठेवून बराच वेळ बघत राहिली.
"पुढच्या फाट्याला," म्हणाली,
"डावीकडे घे."